ओळखीच्या रंगात न सापडणारी बदके

वऱ्हाडातल्या तलावांवर हिवाळी बदके उतरू लागतात ती पावसाळा ओसरता ओसरता. आणि त्या दिवसांत चांदूर रेल्वेजवळचा मालखेड तलाव, मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर, अकोल्याजवळचा कापशी तलाव किंवा काटेपूर्णा अभयारण्यातले महान धरणाचे पाणी, यांपैकी कुठेही दुर्बीण लावली तरी पक्षिमार्गदर्शिकेच्या पानावरचे ठसठशीत रंगांचे नर फारसे दिसत नाहीत. दिसतात ते तपकिरी, ठिपकेदार, एकमेकांसारखे पक्षी, आणि त्यांत मधूनच एखादा असा, की ज्याच्या गालावर अनपेक्षित पांढरी कोर असते, पाठीवर पांढरे पीस असते किंवा डोके एका जातीचे आणि अंग दुसऱ्या जातीचे वाटते. असा पक्षी दिसला की दुर्मीळ जातीची नोंद झाली, असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात रंगाने वेगळे दिसणारे बदक बहुतेक वेळा नेहमीच्याच जातीचे असते. वर्षातला काळ, वय, संकर किंवा रंगद्रव्यातला दोष यांपैकी एखाद्या कारणाने त्याचा नेहमीचा पोशाख बदललेला असतो. म्हणून बदकाच्या ओळखीत रंगाला शेवटचे स्थान द्यावे लागते, आणि चोचीचा घाट, डोक्याची ठेवण, पंखावरचा पट्टा व पाण्यावर बसण्याची रीत यांना पहिले.

हे ज्ञान मुळात शिकाऱ्यांनी जमवलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि मार्शल यांचा भारतातील शिकारी पक्ष्यांवरचा त्रिखंडात्मक ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला, आणि स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय बदकांवरचे पुस्तक १९०८ साली आले; दोन्ही ग्रंथांचा आधार बंदुकीने पाडलेले, हातात धरून मोजलेले आणि कातडी काढून जपलेले पक्षी हाच होता. त्या काळच्या शिकारीचे प्रमाण आज अंगावर काटा आणते: १९३८ सालच्या नोव्हेंबरमध्ये भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारी मेळाव्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली, तरी परवान्यावर काही पक्ष्यांच्या शिकारीला वाव उरला होता. तो १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. त्यामुळे आज वऱ्हाडात कुणी रानबदक मारले तर तो गुन्हा ठरतो, आणि जप्त केलेल्या पक्ष्याच्या पंचनाम्यात जातीचे नाव नेमके लिहावे लागते.

जिथे बदकांची शिकार अजून कायदेशीर आहे, तिथल्या नियमांकडे पाहिले म्हणजे ओळखीचा गाभा कुठे असतो ते कळते. अमेरिकेत दिवसाला किती बदके मारता येतील हे जातीनुसार, आणि काही जातींत नर-मादीनुसारही ठरते. म्हणून शिकाऱ्याला गोळी झाडण्याआधीच पक्षी ओळखावा लागतो, आणि पक्षी घरी नेताना त्याचे डोके किंवा पिसांसकट एक पूर्ण पंख तसाच राखावा लागतो. तिथला वन्यजीव विभाग निवडक शिकाऱ्यांकडून पंख टपालाने मागवतो, आणि ठरलेल्या दिवसांत जमलेले तज्ज्ञ केवळ त्या पंखांवरून जात, वय व लिंग निश्चित करतात. डोके, छाती, कूस यांचे रंग वर्षभरात पालटत असताना पंखाचा नमुना मात्र एका पिसेपालटापासून पुढच्या वर्षीच्या पिसेपालटापर्यंत तसाच टिकतो, हे त्यामागचे कारण. पंखाच्या मागच्या कडेला, दुय्यम उड्डाणपिसांवर जो धातूसारखा चमकणारा पट्टा असतो त्याला स्पेक्युलम म्हणतात. त्याचा रंग आणि त्याच्या दोन्ही कडांच्या पांढऱ्या रेघा जातीगणिक वेगळ्या असतात. शिकाऱ्याला हा पंख हातात मिळत असे; आजच्या निरीक्षकाला तो पक्षी उडताना, पंख झटकताना किंवा चोचीने पिसे साफ करताना क्षणभर दिसतो, म्हणून बसलेल्या पक्ष्यावर दुर्बीण रोखून थांबण्याला पर्याय नाही.

वऱ्हाडात गोंधळ घालणाऱ्या रंगबदलांत सर्वांत मोठा वाटा एक्लिप्स या अवस्थेचा आहे. उत्तरेकडच्या प्रजननभूमीत मादी अंडी उबवू लागली की बहुतेक जातींचे नर आपला भडक पिसारा टाकतात आणि मादीसारखी तपकिरी, लपायला सोयीची पिसे धारण करतात. या तात्पुरत्या पोशाखाला एक्लिप्स म्हणतात. त्याच काळात उड्डाणाची सगळी मोठी पिसे एकदम गळतात आणि पक्षी साधारण तीन ते चार आठवडे उडू शकत नाही. अंगाच्या मानाने बदकाचे पंख लहान असल्यामुळे एकेक पीस गळले तरी उड्डाण बिघडतेच. त्यापेक्षा सगळी एकाच वेळी टाकून, दाट गवताळ पाणथळीत दडून राहणे त्याला परवडते. नवी उड्डाणपिसे आली की स्थलांतर सुरू होते, पण अंगावरचा भडक पिसारा परतायला आणखी काही महिने लागतात, आणि नेमक्या याच मधल्या काळात हे नर वऱ्हाडात पोहोचतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे भुवई बदक, म्हणजेच गार्गनी. भारतात सर्वांत आधी येणाऱ्या हिवाळी बदकांपैकी ते एक असून पावसाळा संपण्याआधीच त्याचे थवे दिसू लागतात; परंतु ज्या रुंद पांढऱ्या भुवईवरून त्याला नाव मिळाले ती नराला पुरती येते हिवाळ्याच्या उत्तरार्धात, बऱ्याचदा फेब्रुवारीत. तोपर्यंत थव्यात जणू फक्त माद्याच आहेत असे वाटत राहते. पक्षी उडाला की मात्र कोडे सुटते, कारण नराच्या पंखाचा पुढचा भाग एक्लिप्समध्येही फिकट निळसर राखाडी राहतो आणि मादीचा मळकट तपकिरी-राखाडी असतो. चक्रांग बदकाची, म्हणजे कॉमन टीलची, मादी याच आकाराची आणि याच रंगाची. तिच्या शेपटीच्या बाजूला फिकट पिवळसर रेघ असते आणि चेहरा बराच साधा असतो, तर भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर गडद व फिकट पट्ट्या आळीपाळीने येतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो.

थापट्याची, म्हणजे शॉव्हेलरची, गोष्ट अधिक चकवणारी आहे. त्याचा नर एक्लिप्समधून थेट पूर्ण पिसाऱ्यात येत नाही. मध्ये एक अर्धवट अवस्था असते, तीत डोके काळपट-करडे, छाती खवलेदार आणि चोचीमागे गालावर पांढरी चंद्रकोर दिसते. अशी चंद्रकोर पुस्तकात सापडते ती अमेरिकेतल्या निळ्या पंखांच्या टीलच्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या थापट्याच्या चित्रात, आणि मग भलतीच नोंद होते. अशा वेळी चोचीकडे पाहणे पुरेसे असते. टीलची चोच कधीच इतकी पसरट नसते, आणि ऑस्ट्रेलियन थापट्या वऱ्हाडात येण्यापेक्षा आपल्याच थापट्याचा पिसारा अपुरा असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. चक्रवाकाच्या बाबतीत फरक एवढाच, की नराच्या मानेभोवतीची काळी कंठरेषा विणीच्या काळात ठळक असते आणि एरवी पुसट होते किंवा नाहीशी होते. उलट नकटा या स्थानिक बदकाच्या नराच्या चोचीवरचा मांसल उंचवटा पावसाळ्यात, विणीच्या हंगामात फुगतो व नंतर आक्रसतो. शिवाय त्याची मादी बरीच लहान आणि उंचवट्याविना असल्यामुळे जोडी उडताना दोन वेगळ्या जाती असल्याचा भास होतो.

वयामुळे येणारा फरक त्यामानाने सोपा. त्या वर्षी जन्मलेल्या पिलाची पिसे मळकट असतात आणि शेपटीच्या पिसांची टोके गोलसर न राहता मध्ये खाच पडल्यासारखी दिसतात, कारण पिलाची मऊ लव त्याच टोकाला जोडलेली असते आणि ती तुटून पडली की खाच उरते. हातात पक्षी घेणाऱ्याला ही खूण लगेच सापडे. दुर्बिणीतून ती क्वचितच दिसते, पण जवळून काढलेल्या छायाचित्रात शोधता येते.

मादीच्या अंगावर नराची पिसे उगवणे ही त्याहून विस्मयकारक गोष्ट आहे. बदकांमध्ये मादीचा साधा पिसारा अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे टिकतो. ते नसेल तर पिसे नरासारखी येतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच पाळीव बदकांवरील प्रयोगांत सिद्ध झाले. वार्धक्याने किंवा रोगाने अंडाशय निकामी झालेली रानमादी म्हणूनच काही वर्षांत अर्धवट नरासारखी दिसू लागते. चोच मादीसारखी पण डोक्यावर नराचा रंग, अशी विसंगती दिसली तर या शक्यतेचा विचार करावा.

पांढऱ्या डागांच्या बदकांबद्दल सर्वाधिक चुकीचे शब्द वापरले जातात. अंगावर कुठेही पांढरे पीस दिसले की त्याला अल्बिनो म्हटले जाते. वास्तविक अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयारच होत नाही, डोळे गुलाबी-लाल दिसतात, दृष्टी अधू असते आणि असा पक्षी रानात फार काळ जगत नाही. काही पिसांपर्यंत रंगद्रव्य पोहोचत नाही आणि डोळे मात्र नेहमीच्या रंगाचे राहतात, त्या अवस्थेला ल्युसिझम म्हणतात. तिसरी अवस्था अशी, की काळे मेलॅनिन अपुरे घडते, पिसे फिकट तपकिरी होतात आणि उन्हाने विटत विटत पिसेपालटाच्या आधी जवळजवळ पांढरी दिसतात. वऱ्हाडच्या कडक उन्हात राहणाऱ्या स्थानिक जातींबाबत ही शक्यता विशेषत्वाने तपासली पाहिजे. रंगदोष पक्ष्याचा आकार बदलत नाही, त्यामुळे पांढरट हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचा घाट आणि त्याची मानेची ठेवण तशीच राहते. लोहयुक्त चिखलात चरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या डोक्यावर व छातीवर गंजासारखी झाक येते तो केवळ डाग असतो, आणि पुढच्या पिसेपालटात जातो.

संकरित बदकांचा प्रश्न सर्वांत कठीण, कारण बदक-हंस कुळात भिन्न जातींचा संकर इतर पक्षिकुळांच्या तुलनेत फार होतो. बंदिवासातले धरून ४०० हून अधिक संकरजोड्या नोंदल्या गेल्या आहेत. जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी १८२२ साली मिळालेल्या एका बदकाला नवी जात समजून नाव दिले, आणि ते पुढे मॅलार्ड व गॅडवॉल यांचे संकरित अपत्य ठरले. वऱ्हाडाच्या दृष्टीने महत्त्वाचा संकर छोटी लालसरी व नयनसरी या डुबकी मारणाऱ्या बदकांचा. नयनसरी नराचा डोळा पांढरा, मादीचा तपकिरी, अंग गडद पिंगट आणि शेपटीखाली स्वच्छ पांढरा भाग. संकरित पक्ष्यात हा पांढरा भाग मळकट, पाठ अधिक राखाडी आणि डोळ्याचा रंग अधलामधला येतो. त्याखेरीज शेंडी बदकाच्या काही माद्यांच्या शेपटीखाली पांढरे असते, काहींच्या चोचीभोवतीही, आणि मग त्यांची गणना नयनसरीत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला आखूड तुऱ्याचा आभास आणि चोचीच्या टोकावरचा रुंद काळा डाग दिसला तर ती शेंडी बदकाची मादी समजावी. नयनसरी जागतिक यादीत संकटसमीप आणि छोटी लालसरी असुरक्षित गणली जात असल्यामुळे, १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत असा एकेक चुकीचा आकडा लहान तलावाच्या नोंदीचा अर्थच बदलून टाकतो. जो पक्षी ठरत नाही तो ‘अनिश्चित’ म्हणून लिहिणे, ही त्या गणनेची उत्तम सेवा आहे.

अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावासारख्या वस्तीलगतच्या पाण्यावर आणखी एक शक्यता धरावी लागते: पाळीव बदक सुटून आलेले असणे. पाळीव बदकांच्या बहुतेक वाणांचा पूर्वज मॅलार्ड असल्यामुळे त्यांत हिरवे डोके, पांढरी छाती, काळे अंग असे कुठलेही मिश्रण दिसू शकते; जड बांधा, पोटाकडे लोंबणारा मागचा भाग आणि माणसाला न बुजणारा स्वभाव यांवरून ते कळते.

दुर्मिळाची ओढ किती खोल असते हे गुलाबी डोक्याच्या बदकाने दाखवले आहे. पूर्व भारतातल्या दलदलींत राहणारी ही जात कधीच विपुल नव्हती. तिची रानातली शेवटची सर्वमान्य नोंद १९३५ ची, बिहारमधल्या दरभंग्याकडची आहे, आणि १९५६ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा संरक्षण देण्यासारखे बहुधा काही उरले नव्हते. त्यानंतर ती दिसल्याचे अनेक दावे झाले. त्यांतले बरेच मोठी लालसरी या हिवाळी पाहुण्याचे निघाले, जिच्या नराचे तांबूस-केशरी गोल डोके आणि लाल चोच दूरच्या तिरप्या उन्हात गुलाबी भासू शकते. मोठ्या लालसरीची छाती काळी आणि कुशी पांढऱ्या असतात. गुलाबी डोक्याच्या बदकाचे सगळे अंग गडद चॉकलेटी होते, आणि एवढा फरक ध्यानात असता तर त्यांतले कित्येक दावे झालेच नसते.

वऱ्हाडात ही पारख करायला फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत अनुकूल आहे. पाणी आटत जाते, उघड्या पडलेल्या काठावर गाळपेराची पिके उभी राहतात, उथळ पाण्यात चरणारी बदके माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येतात आणि नरांचा पिसारा जवळपास पूर्ण झालेला असतो. ऑक्टोबरात अनोळखी वाटलेले थवेच्या थवे तेव्हा आपोआप भुवई बदक, तलवार बदक, थापट्या होतात. तरीही जो एखादा पक्षी बसत नाही, त्याची चोच, डोळा, उघडलेला पंख व शेपटीखालचा भाग यांची छायाचित्रे, तारीख, उजेडाची दिशा आणि शेजारी पोहणाऱ्या जातींची नावे यांसह नोंद ठेवावी. संकर आणि रंगदोष यांचा निर्णय करायला एवढी सामग्री लागतेच, आणि त्यासाठी पक्षी मारावा लागत नाही.