ठरलेला दिवस मोडतो तेव्हा

२०२० सालच्या मार्च महिन्याची २२ तारीख आपणांपैकी कोणी विसरले असेल असे आम्हांस वाटत नाही. उपवासकाळातील त्या रविवारी देशभर जनता संचारबंदी होती. २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली आणि ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत लांबली. निपाणीच्या कडेने अहोरात्र धावणारी पुणे-बंगळूर रस्त्यावरची वाहने थांबली, आठवडी बाजार ओस पडला, तंबाखूच्या वखारींना कुलपे लागली. १२ एप्रिलचा ईस्टर आपण बंद दारांआड साजरा केला.

त्या दिवसांचे हाल आपण अजूनही एकमेकांना सांगतो. परंतु ज्यांना आपले हाल शब्दांत सांगता येत नाहीत, अशी काही माणसे आपल्याच वाड्यावस्त्यांत राहतात. त्यांच्याविषयी आज दोन शब्द लिहावेत असे मनात आले. ही माणसे म्हणजे स्वमग्न माणसे. आणि त्यांतही वयाने मोठी झालेली, शाळेचे दिवस संपलेली.

स्वमग्नता हा रोग नव्हे, वेडही नव्हे. ती मेंदूच्या वाढीतील जन्मजात वेगळी ठेवण आहे. अशा व्यक्तीला दुसऱ्याच्या मनातले चेहऱ्यावरून वाचणे अवघड जाते; मोठा आवाज, प्रखर प्रकाश किंवा अनपेक्षित स्पर्श सहन होत नाही; आणि ठरलेल्या क्रमात तिला फार मोठा आधार वाटतो. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी विद्यापीठाची पदवी मिळवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे आपल्या पंचक्रोशीतही अशी माणसे असणारच. आपण त्यांना 'हट्टी', 'भोळा' किंवा 'खुळा' अशी नावे ठेवून मोकळे होतो, एवढेच. एके काळी मोठमोठे पंडितही आईच्या थंडपणाला दोष देत. तो समज पुढे पार खोटा ठरला. आईवडिलांच्या पापाचे हे फळ नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हाच त्यांच्या ध्यानात आले होते की सर्व काही जसेच्या तसे राहावे अशी या मुलांची तीव्र ओढ असते. टाळेबंदीने नेमका घाव घातला तो याच ओढीवर.

वाचकांनी क्षणभर एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात तीस वर्षांचा मुलगा. सकाळी ठरल्या वेळी चहा, मग काकांच्या दुकानात पुड्या बांधणे, सायंकाळी बसस्थानकावर जाऊन कोल्हापूरची गाडी पाहणे, रविवारी मिस्सेला त्याच बाकावर त्याच कोपऱ्यात बसणे. एवढेच त्याचे जग. पण ते भक्कम असते. एके दिवशी दुकान बंद, गाडी बंद, ख्रिस्तमंदिर बंद. ओळखीचे चेहरे अर्धे फडक्याखाली झाकलेले. "गाडी कधी?" असे तो दिवसातून पन्नास वेळा विचारतो, आणि आईजवळ उत्तर नसते, कारण ते कोणाजवळच नव्हते. मग झोप उडते, जेवण तुटते, तो कपाळ भिंतीवर आपटू लागतो. शेजारी म्हणतात, "पोरगं बिघडलं." पोरगं बिघडलेले नसते, त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण होती. निपाणीच्या माणसाचा दवाखाना पुष्कळदा कोल्हापुरात असतो, आणि कचेरी बेळगावात. एरवी आपण ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडतो आणि ती ओलांडल्याचे ध्यानातही येत नाही. टाळेबंदीत ती भिंत झाली. कोगनोळीच्या नाक्यावर परवाने तपासले जाऊ लागले; २०२१ साली महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तपासणीचा दाखलाही दाखवावा लागे. ज्याच्या मनःशांतीच्या गोळ्या कागलच्या पलीकडे मिळत होत्या, त्याच्या आईने काय करावे?

परदेशांतही हाच प्रश्न उभा राहिला, आणि काही ठिकाणी त्याची दखल लवकर घेतली गेली. २ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला स्वमग्नता जागृती दिन. २०२० साली त्याच दिवशी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वमग्न व्यक्तींसाठी बाहेर पडण्याचे नियम सैल केल्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये दोन कुटुंबांनी कायद्याचा आधार घेतल्यावर ८ एप्रिल रोजी अशा व्यक्तींना दिवसातून एकाहून अधिक वेळा फिरावयास जाण्याची मुभा मिळाली. स्पेनमध्येही मुभा होती, पण सज्जांतून लोक ओरडत, शिव्या देत; म्हणून काही कुटुंबांनी दंडाला निळी फीत बांधली. कायद्याने दिलेली सवलत शेजाऱ्याच्या नजरेने हिरावून घेतली, ती अशी. आपल्या देशातही मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सूचना काढल्या होत्या, की दिव्यांगांची काळजी घेणाऱ्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यावे. पण कागदावरची सूचना चौकातल्या शिपायापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, हे आपण जाणतोच.

बेल्जियम, नेदरलँड्स आणि ब्रिटन या तीन देशांत त्या वसंतऋतूत १,०४४ प्रौढांची पाहणी झाली. त्यांपैकी ६१३ स्वमग्न होते. इतरांपेक्षा स्वमग्न व्यक्तींची चिंता व खिन्नता अधिक वाढल्याचे तीत दिसून आले. त्याचबरोबर एक अनपेक्षित गोष्टही दिसली. गर्दी नाही, गोंगाट नाही, कोणाशी बळेबळे हसून बोलणे नाही, यामुळे कित्येकांना हायसेही वाटले होते. यावरून आम्ही असे समजतो की सर्व स्वमग्न माणसांना एकाच मापाने मोजू नये. एकाला टाळेबंदी तुरुंग वाटली, तर दुसऱ्याला विसावा. आणि त्या दुसऱ्याला दारे उघडल्यावर त्रास झाला.

मात्र आमच्या मनाला सर्वांत अधिक टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आपली टाळेबंदी सुटली. पण मुलगा अठरा वर्षांचा झाला, विशेष शाळा संपली, पुढे काम नाही, सोबती नाही, लग्नकार्याला नेण्याची घरच्यांना लाज, अशा तरुणाची टाळेबंदी २०२० पूर्वीही होती आणि आजही आहे. आपण जे काही महिने भोगले, ते तो वर्षानुवर्षे भोगतो. त्या दिवसांची आठवण काही उपयोगी पडावयाची असेल, तर ती येथे पडावी.

मग करावे काय? दिवस मोडणार असेल तर तो आधी सांगावा. तोंडी पटत नसेल तर चित्र काढून, दिनदर्शिकेवर खूण करून दाखवावा. बाहेरचा क्रम तुटला तरी घरातला एखादा क्रम, चहाची वेळ म्हणा की सायंप्रार्थना, अखंड ठेवावा. नाव, पत्ता आणि 'मी स्वमग्न आहे, मला हात लावू नका, घरी कळवा' एवढा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून खिशात असू द्यावा. झोप, भूक किंवा शिकलेले कौशल्य अचानक हरपले तर 'त्याचा स्वभावच असा' म्हणून सोडू नये, वैद्याला दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी मदत ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मिळते.

कागदपत्रांचीही हेळसांड नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा नावानिशी समावेश आहे, तेव्हा दाखला व ओळखपत्र काढावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रौढ स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते, आणि निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. "आमच्या मागे याचे कोण?" हा प्रश्न उशीखाली घेऊन झोपणाऱ्या आईबापांना एवढा तरी आधार हवा.

डॉ. कॅनर यांनी वर्णिलेल्या मुलांपैकी पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी प्रांतातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी वाढला. त्याने तेथील बँकेत कित्येक दशके काम केले आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी तो निवर्तला. घर सधन होते हे खरे. परंतु गावानेही त्याला आपला मानले, त्याच्या लकबी सांभाळून घेतल्या. असे गाव होण्यास पैसा लागत नाही. पुढल्या रविवारी मिस्सेला कोणी त्याच बाकावर त्याच कोपऱ्यात बसण्याचा हट्ट धरून उभा असेल, तर आपण थोडे सरकून त्याला जागा द्यावी. प्रारंभ तेवढ्यानेही होईल.