बहात्तर बर्थचा एक डबा

आधी एक आकडा घ्या. १९५० च्या दशकातलं आयर्लंड. लोकसंख्या तीस लाखही नाही, म्हणजे आजच्या पुणे शहराहूनही कमी. आणि मनोरुग्णालयांत किती माणसं? वीस हजारांहून जास्त! साधारण दीडशे माणसांमागे एक आत. हेच प्रमाण २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला लावून पाहा. पावणेआठ लाख माणसं खाटांवर! एकेका बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजार कोंबली तरी एकशेसत्तरहून जास्त गाड्या लागतील. एकीमागे एक चिकटवून उभ्या करा. पहिली सीएसएमटीला, शेवटची पार दिव्याला!

त्या खाटा आता बहुतेक गेल्या. आता तिथले डॉक्टर आजार यायच्या आधीच माणूस गाठू पाहतात, आणि तोही शाळकरी वयात. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये मेरी कॅनन आणि इयन केलेहर यांच्या गटानं ११ ते १३ वर्षांच्या ३३४ मुलांपुढे सात प्रश्नांचा कागद ठेवला. त्यातला सगळ्यांत कामाचा प्रश्न अगदी साधा निघाला : इतर कुणालाच ऐकू येत नाहीत असे आवाज तुला कधी ऐकू आलेत का?

किती मुलं हो म्हणतील? दोन-चार? छे! याच गटानं २०१२ मध्ये १९ पाहण्यांची बेरीज मांडली. असे अनुभव ९ ते १२ वयात १७ टक्के मुलांना. साठ जणांच्या वर्गात दहा! १३ ते १८ वयात साडेसात टक्के. आपल्या दहावीला बसणारी पंधरा लाख मुलं धरली तर एक लाख बारा हजार पाचशे, म्हणजे पुन्हा पंचवीस लोकल गच्च. घाबरू नका, बहुतेकांचे आवाज आपोआप विरतात. पण ज्यांचे विरणार नाहीत, ती मुलं या गर्दीत शोधायची कशी?

इथे डब्लिनकरांनी फिनलंड गाठलं, कारण तिथे जन्मापासूनच्या नोंदी सरकारी रजिस्टरांत सापडतात. १९८७ साली जन्मलेली ५५,८७५ मुलं. वानखेडे जवळजवळ पावणेदोन वेळा भरेल! वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत सायकोसिस (असे भास होऊन वास्तवाशी नातं तुटणं) किंवा बायपोलर (मन टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या उदासीत हेलकावणं) हा आजार कुणाला झाला, एवढंच तपासलं. २०२२ मध्ये निकाल छापून आला.

आता स्लीपरचा एक डबा डोळ्यांपुढे आणा. बर्थ बहात्तर. लहानपणी मानसोपचाराच्या मुलांच्या विभागात कधीच न गेलेल्यांनी तो भरला, तर आजारी पडणारा जेमतेम एक. कधीतरी तिथे जाऊन आलेल्यांनी भरला, तर नऊ. आणि किशोरवयात तिथे ॲडमिट झालेल्यांनी भरला, तर सत्तावीस! एक, नऊ, सत्तावीस. डबा तोच, बर्थ तेवढेच.

थांबा, मोठा आकडा अजून पुढेच आहे. दक्षिण लंडनमध्ये सायकोसिसच्या खास धोक्यातली तरुण मंडळी हेरायला दवाखाना काढला होता. सायकोसिसचा पहिला झटका आलेल्या तिथल्या शंभर जणांपैकी आधी त्या दवाखान्यात पोचलेले किती? चार! आणि फिनलंडच्या आजारी पडलेल्यांपैकी लहानपणीच मुलांच्या विभागात येऊन गेलेले? शंभरात पन्नास! केस पेपर काढून, बाकावर नंबरची वाट बघून, डॉक्टरांशी बोलून घरी गेलेले. पन्नास!