उकळी येण्याआधी

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात गादीवर बसलं, की भाव निघण्याआधी चहा येतो. आलं ठेचून टाकलेला, पातेल्यात दोन-चारदा वर येऊन खाली बसलेला. कडक हवा तर आणखी उकळा, हा नियम आपल्या हाताला इतका बसलाय की घरी कॉफी करतानाही तोच चालतो. पातेल्यात दूध, त्यात पावडर, खळाखळा उकळी, वर किसलेलं जायफळ. पाहुण्यांसाठी ती छानच लागते. फक्त तिच्यात कॉफी किती आणि दूध-साखर-जायफळ किती, हे विचारू नये.

ज्याला घरच्या गॅसवर दाट, काळी, जिभेवर रेंगाळणारी कॉफी हवी आहे आणि त्यासाठी महागडं मशीन घ्यायचं नाही, त्याच्यासाठी मोका पॉट आहे. त्याची अडचण एकच. चहाने शिकवलेलं सगळं इथे उलटं पडतं. उकळी फुटायच्या आत काम उरकायचं असतं.

हे भांडं इटलीचं. वायव्य इटलीतल्या क्रुसिनाल्लो गावी अल्फोन्सो बियालेत्ती यांचा अॅल्युमिनियमच्या वस्तूंचा कारखाना होता. तिथून १९३३ मध्ये आठ कडांचा मोका एक्स्प्रेस बाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलगा रेनातो याने त्याची अशी काही जाहिरात केली की इटलीत तो घरोघरी पोचला. भांड्यावर एक बोट वर करून उभा असलेला मिशाळ माणूसही त्याच काळातला. रेनातो २०१६ मध्ये वारला तेव्हा त्याची रक्षा मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवली गेली. धंद्यावर एवढा जीव! आपल्याकडच्या कुण्या शेटजींनी अस्थी कापडाच्या ताग्यात गुंडाळायला सांगितल्याचं काही ऐकिवात नाही.

मोका हे नाव येमेनमधल्या मोखा बंदरावरून आलं. त्याच मुलखातून सूफी संत बाबा बुदन यांनी सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असं सांगतात. त्या डोंगरांचं कर्नाटक आज देशात सर्वाधिक कॉफी पिकवतं. विदर्भाला मात्र इतकं लांब बघायची गरज नाही. मेळघाटात चिखलदऱ्याला, हजार मीटरहून अधिक उंचीवर, कॉफीची झाडं आहेत. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघतं ते चिखलदऱ्यापाशीच.

आता भांडं उघडू. त्याचे तीन भाग होतात. खालची टाकी पाण्याची, तिच्या पोटाला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. मधे कॉफी पावडरची वाटी, तिला भोकं असतात आणि खाली नरसाळ्यासारखी लांब नळी, जवळजवळ टाकीच्या तळापर्यंत गेलेली. वर कान असलेला जग, त्याच्या मधोमध एक उभी नळी. जगाच्या बुडाला गोल जाळी आणि तिच्याभोवती रबराची किंवा सिलिकॉनची रिंग. कुकर वापरणाऱ्या घरात रिंग आणि व्हॉल्व्ह काय करतात, हे वेगळं सांगायला नको.

गॅस पेटवल्यावर आत काय होतं, याबद्दल बहुतेकांचा समज असा असतो की पाणी उकळतं, वाफ होते आणि वाफ कॉफीतून वर जाते. तसं होत नाही, आणि झालं तर कॉफी बिघडलीच म्हणून समजा. टाकीत पाण्याच्या वर थोडी हवा कोंडलेली असते. तापलं की ती फुगायला बघते, पण जागा नसल्यामुळे तिचा दाब वाढतो. सोबत पाण्याच्या वाफेचा दाबही वाढत जातो. ३० अंशांच्या पाण्याने सुरुवात केली आणि ते ८० अंशांवर आलं, तर वाफेचा दाब एका वातावरणाच्या निम्म्याच्या जवळ जातो. हवेचा वाढलेला दाब त्यात मिळवला की आतला एकूण दाब दीड वातावरणाच्या थोडा वर निघतो. नळीतून पाणी वीतभर वर ढकलायला आणि पावडरच्या थरातून काढायला याच्याहून बरंच कमी पुरतं. म्हणून पाणी ८० अंशांची वाट न बघता त्याआधीच वर चढू लागतं. उकळी अजून दूर असते.

पुढची गंमत अशी की टाकी रिकामी होत जाते तशी कोंडलेल्या हवेला जागा मिळते आणि तिचा जोर कमी होतो. ती उणीव वाफेने भरून काढायची, म्हणजे उरलेलं पाणी आणखी तापायला हवं. परिणामी पावडरवर पहिलं पाणी येतं ते त्यातल्या त्यात थंड, शेवटचं सगळ्यात गरम. पहिल्या धारेत गोडवा आणि वास, शेवटच्या धारेत जळका कडूपणा. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात.

कॉफी कडक होते ती पावडर आणि पाणी यांच्या प्रमाणाने. मोका पॉटमध्ये एक भाग पावडरला आठ ते दहा भाग पाणी पडतं. साध्या कागदी गाळणीच्या कॉफीत हेच पाणी पंधरा-सोळा भागांवर जातं. एस्प्रेसो मशीन नऊ बारच्या आसपास दाब लावतं, तर आपलं भांडं एक-दोन बारच्या आतबाहेर. त्यामुळे वर साय धरल्यासारखा जाड फेस येणार नाही. तो हवा असेल तर मशीनच घ्यावं, भांड्याला दोष देऊ नये.

पावडर ताजी भाजलेली, ताजी दळलेली असावी हे सगळेच सांगतात. मी त्याहून जास्त आग्रह धरीन तो चिकोरी टाळण्याचा. आपल्याकडे किराण्यात मिळणाऱ्या फिल्टर कॉफीच्या पुड्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. कायद्याने अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ अर्धी चिकोरी असू शकते. पुड्यावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी पाणी लागताच चिकट होते. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये ती थेंबथेंब पाझरायला मदत करते, मोका पॉटमध्ये वाटच अडवते. शंभर टक्के कॉफी घ्या, फार तर दहा-पंधरा टक्के चिकोरी चालेल. जोर हवा असेल तर रोबस्टा मिसळलेली घ्या. अरेबिकापेक्षा रोबस्टात कॅफीन साधारण दुप्पट असतं आणि चवही रांगडी. दुधासाठी मला तीच बरी वाटते.

दळण बारीक रव्याहून किंचित बारीक ठेवावं. पिठीसाखरेइतकं नको, त्यातून पाणी जाणारच नाही. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळायचं असेल तर सलग फिरवू नका. दोन-तीन सेकंद फिरवून थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. तरी थोडं पीठ, थोडा भरडा होतोच. चाळणीने पीठ काढून टाकलं तर बरंच सुधारतं.

तीन कपी भांडं घ्या. त्यातले कप इटलीच्या मापाचे, एकेक ४०-५० मिलिलिटरचे. आपल्या हिशेबाने एका माणसाचा मोठा मग किंवा दोघांची दुधाची कॉफी. मोठ्या भांड्यात अर्धीच पावडर आणि अर्धंच पाणी घालून करू नये, मापं बिघडतात. तीन कपीला सुमारे १५ ते १७ ग्रॅम पावडर लागते.

पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. व्हॉल्व्ह बुडाला तर त्याचा उपयोग संपला. गार पाणी घ्यावं की आधीच गरम केलेलं, यावर जाणकारांत वाद आहेत. वरचा हिशेब मांडला तर उत्तर मिळतं. गरम पाणी भरून जग आवळला की दाब वाढायला अंतर कमी उरतं, त्यामुळे पाणी जास्त तापूनच वर येतं. हलक्या भाजलेल्या कॉफीला ते मानवतं, काळ्याकुट्ट भाजलेलीला नाही. नागपुरात हा वाद मे महिन्यात आपोआप मिटतो. दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गडद भाजणीची कॉफी असेल तर उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या, फरक कळतो.

वाटी काठोकाठ भरा, बोटाने सारखी करा, पण दाबू नका. वाटीच्या काठावर पावडरचे कण राहिले तर रिंग नीट बसत नाही आणि सांध्यातून पाणी फसफसत बाहेर येतं. काठ बोटाने पुसून घ्या. आवळताना जगाचा कान धरून पिळायचं नाही, तो तुटतो. अंगाला धरा. टाकीत गरम पाणी भरलं असेल तर फडक्याने.

आपल्या शेगडीचा घोटाळा असा की तिचे आधार कढई-पातेल्यांसाठी असतात आणि हे इवलंसं भांडं मधेच कलतं. पापड भाजायची लोखंडी जाळी ठेवा, त्यावर ते सरळ उभं राहतं. लहान बर्नर आणि अगदी मंद आच. ज्योत बुडाबाहेर आली तर कान वितळेल. अॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी चुंबक धरणारं स्टीलचं बूड लागतं.

झाकण उघडं ठेवून बघत राहा. चार-पाच मिनिटांत मधल्या नळीतून काळपट तपकिरी, दाट धार शांतपणे ओघळू लागते. उसळी मारून आली तर आच जास्त आहे, कमी करा. हळूहळू धार फिकी होत मधाच्या रंगावर येते. याच वेळी गॅस बंद करायचा. पुढे टाकीतलं पाणी नळीच्या तोंडाखाली जातं, वाफ मोकळी सुटते आणि घुर्रघुर्र आवाज येतो. पुष्कळ लोक हा आवाज म्हणजे कॉफी झाली असं धरून बसतात. खरं तर तोवर उशीर झालेला असतो. गॅस बंद केला तरी बूड तापलेलंच असतं, म्हणून भांडं उचलून ओल्या फडक्यावर टेकवा. टाकीत थोडं पाणी उरेल. उरू द्या.

ओतण्याआधी जगात चमच्याने ढवळा. खाली पहिली दाट धार, वर शेवटची पातळ, असे थर असतात. मग काळी प्या, नाहीतर तेवढंच गरम दूध आणि साखर घाला. जायफळाला माझी ना नाही. फक्त ते कपात किसावं, पावडरच्या वाटीत नाही. आणि टाकीत पाण्याऐवजी दूध कधीच घालायचं नाही. ते तळाला लागतं, व्हॉल्व्ह चिकटतो, आणि बंद व्हॉल्व्हचं तापलेलं भांडं धोक्याचं असतं. उन्हाळ्यात ही कॉफी अर्धा ग्लास बर्फावर सरळ ओतली तरी फिकी पडत नाही, एवढी ती दाट असते.

धुण्याचं काम सोपं, पण ते स्वतः करा किंवा मावशींना आधी नीट सांगा, कारण तारेची घासणी लागली की अॅल्युमिनियमचा वरचा थर खरवडला जातो आणि पुढच्या कॉफीला धातूची चव येते. कोमट पाणी, मऊ फडकं, पुरे. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर टाकीत पांढरं पुट धरतं आणि व्हॉल्व्हच्या आतही साचतं. लिंबाचा रस घातलेलं पाणी अर्धा तास भरून ठेवा आणि खळखळून धुवा. व्हॉल्व्हची दांडी बोटाने दाबून हलते का, ते अधूनमधून बघा. तिन्ही भाग सुटे वाळवा आणि ठेवताना सैल ठेवा. घट्ट आवळून ठेवलेल्या पॉटची रिंग दबून कडक होते, आणि कुकरच्या दुकानातली कुठलीही रिंग याला बसत नाही. पॉट घेतानाच त्या मापाच्या दोन जादा घेऊन ठेवा.