सगळे विषय एकाच पदवीत: खर्च किती, उपयोग किती?

बारावीचा निकाल लागला की हल्ली अनेक घरांत एक नवा प्रश्न येतो. मुलीला अर्थशास्त्र आवडतं, पर्यावरण आवडतं, थोडं कोडिंगही जमतं. मग तिला आंतरविद्याशाखीय पदवीला घालायचं का? एक काका म्हणतात, ‘याला नोकरी कुठे आहे?’ दुसरे म्हणतात, ‘आता जमाना याचाच आहे, कर्ज काढा.’ दोघांचंही ज्ञान ऐकीव असतं आणि त्याच्या भरवशावर लाखोंचा निर्णय होतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

पहिला गैरसमज स्पर्धा परीक्षांचा आणि प्रवेश परीक्षांचा. अशी पदवी तिथे चालत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, बँकांची पीओ भरती, तीन वर्षांचं एलएलबी, एमबीएसाठीची कॅट यांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी पुरते. काही ठिकाणी टक्क्यांची अट असते, विषयाची नसते.

पण यावरून ‘पदवी ती पदवी, कुठेही चालते’ असं धरून चालणारे जास्त फसतात. भारतीय वनसेवेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सांख्यिकी अशा ठरावीक विषयांपैकी एक तरी पदवीला असावा लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. नुसता ‘पर्यावरण’ हा विषय त्या यादीत नाही. भारतीय सांख्यिकी सेवेला सांख्यिकीच लागते. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर संबंधित किंवा त्याच्या जवळच्या विषयात 55 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी लागते, आणि त्या एमए-एमएस्सीच्या प्रवेशाला पदवीत तो विषय किती झाला, हे अनेक विद्यापीठं पाहतात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा मार्कशीट महत्त्वाची.

इथे क्रेडिटचा हिशेब समजून घ्यायला हवा. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात. त्यांपैकी किमान 60 मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे, आणि 24 दुय्यम विषयाचे, म्हणजे मायनरचे. आंतरविद्याशाखीय पदवीत मात्र मेजरचे क्रेडिट दोन-तीन विषयांत वाटले जातात. तीन विषयांत सारखी वाटणी झाली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम 20 येतात. तेवढ्यावर एमएला प्रवेश मिळेल का, हे आजच त्या विद्यापीठाच्या प्रवेश नियमांत पाहता येतं.

याच आराखड्यामुळे आणखी एक समज खोटा ठरतो: वेगवेगळ्या शाखांचे विषय शिकायचे तर महागडं खासगी विद्यापीठच गाठायला हवं. हा आराखडा ज्यावर बेतला आहे, ते नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं. आता साध्या अनुदानित कॉलेजातल्या बीएलाही मायनर असतो आणि दुसऱ्या शाखेतले काही क्रेडिट घ्यावेच लागतात. तिथली फी हजारांत असते. खासगी विद्यापीठात वसतिगृहासह वर्षाला काही लाख. त्या जास्तीच्या पैशांत काय मिळतं? चांगल्या ठिकाणी लहान वर्ग, भरपूर लेखन, वेळ देणारे प्राध्यापक आणि विषयांची मोकळी निवड मिळते. या गोष्टींना मोल आहेच. पण त्या तिथे खरोखर मिळतात का, हे माहितीपुस्तकातल्या फोटोंवरून कळत नाही. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावं.

अनेक विषयांचं असं शिक्षण कुचकामी असतं, हे तर मला अजिबात मान्य नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलली, चलनात फिरून झिजल्यामुळे वजन किती घटतं हे संख्याशास्त्राने तपासलं आणि त्यावरून नाण्यांचा काळाचा क्रम लावला. इतिहासाला त्यांनी नवी वाट दिली. पण ते इतिहासाकडे आले तेव्हा गणित त्यांच्या हातात पक्कं होतं. एका विषयात खोल उतरल्यावरच दुसऱ्याशी सांधा जुळतो, असं मला वाटतं.

नव्या आराखड्यातलं पदवीचं चौथं वर्ष सक्तीचं आहे, हाही असाच गैरसमज. 120 क्रेडिटवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. 160 झाले की ऑनर्स, आणि मग पदव्युत्तर पदवी एका वर्षाची होऊ शकते. चार वर्षांत 75 टक्के मिळवले तर थेट पीएचडीलाही पात्र ठरता येतं. संशोधनाची ओढ असेल तर चौथं वर्ष सार्थकी लागतं. नसेल, तर त्या वर्षाची फी आणि बुडालेला वर्षभराचा पगार असा दुहेरी खर्च पडतो.

कर्जाचं गणितही आधीच मांडावं. 10 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, दहा वर्षं मुदत, तर महिन्याला सुमारे 13,200 रुपयांचा हप्ता. एकूण परतफेड 15 लाख 86 हजारांच्या आसपास. शिकताना साचणारं व्याज वेगळंच. पहिला पगार 25 हजार असला तर निम्म्याहून जास्त हप्त्यात जातो. संस्था प्लेसमेंटचं ‘सर्वोच्च पॅकेज’ सांगते, ते एका विद्यार्थ्याचं असतं. विचारायचं ते हे: तुकडीत किती जण होते, किती जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं, किती जणांना मिळाली आणि पगाराने ओळीत उभं केलं तर मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती? याच शाखेचे आकडे मागा, एमबीएसकट संस्थेचे एकत्रित नकोत, आणि ते फी भरण्याआधी लेखी घ्या.