गुऱ्हाळातील उकळी आणि औषधाची कॅप्सूल

कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर तोडलेला ऊस गाळण्याची घाई का असते, हे आपणांस ठाऊक असेल. ऊस पडून राहिला, विशेषतः उन्हात, की त्यातील ‘इन्व्हर्टेज’ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करते. मग गूळ चिकट होतो, ढेप नीट बसत नाही. रस काहिलीत उकळला की हेच विकर कायमचे निष्क्रिय होते. विकर हे प्रथिन; ऊब त्याला चेतवते, उकळी त्याची घडण मोडते.

आपल्या स्वादुपिंडातील विकरांना तर आम्लाचेही भय असते. जठरातील तीव्र आम्लात पेप्सिन सुखाने काम करते, पण स्निग्धांश पचविणारे लायपेज तेथे नष्ट होते. म्हणून स्वादुपिंड दुबळे झालेल्या रुग्णांच्या पॅनक्रिएटिन कॅप्सूलमधील कणांवर बहुधा लेप असतो. तो साधारण ५.५ सामूच्या वर, म्हणजे लहान आतड्यात, विरघळतो.

घोटाळा होतो तो घरात. गिळवत नाही म्हणून कॅप्सूल कुटून गरम आमटीभातात कालवली जाते, नाहीतर दुधात सोडली जाते. दुधाचा सामू सुमारे ६.६, लेप पेल्यातच विरघळू लागतो. मग शौचास तेलकट होते, वजन उतरते आणि बोल औषधाला लागतो.

डॉक्टरांना विचारून कॅप्सूल उघडावी. कण सफरचंदाच्या थंड गरातून, न चावता, जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर द्यावेत आणि वर पाणी पाजावे. कण तोंडात राहिले तर तोंड येते. आणि वैशाखात ती डबी शेगडीशेजारच्या फळीवर मुळीच ठेवू नये.