मांजरपाटाचे दिवस

लंडनला फॅशन शिकायला गेलेल्या मुलीच्या आईला नातेवाईक हमखास विचारतात, "मग ती तिथे दिवसभर करते तरी काय?" आई म्हणते, "डिझाइन करते." उत्तर खरंच असतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं ते स्वच्छ टेबल, रंगीत पेन्सिली आणि कागदावरची उंच, सडपातळ आकृती. मी तिथे शिकत होते तेव्हा आठवड्यातला जेमतेम एक दिवस चित्रं काढण्यात जाई. बाकीचे दिवस मोजण्यात, बेतण्यात, शिवण्यात आणि सगळ्यात जास्त उसवण्यात जात. हे शिक्षण रोजच्या रोज कसं चालतं, हे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना आधी कळावं, म्हणून हा लेख.

वर्षांची मांडणी

ब्रिटनमधली पदवी बहुधा तीन वर्षांची असते. त्याआधी बरेच जण एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम करतात. त्यात चित्र, शिल्प, छपाई, कापड असं सगळं हाताळून आपला कल कुठे आहे ते ओळखायचं असतं. काही अभ्यासक्रमांत दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष एखाद्या डिझायनरकडे किंवा कंपनीत काम करता येतं. त्याला 'प्लेसमेंट' म्हणतात.

लंडनमधली दोन नावं आपल्याकडे जास्त ऐकू येतात. सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कॉलेज २०११ मध्ये किंग्ज क्रॉसला आलं. तिथली मुख्य इमारत १८५० च्या सुमाराला बांधलेलं धान्याचं कोठार आहे. लंडन कॉलेज ऑफ फॅशन २०२३ मध्ये शहराच्या पूर्वेला, स्ट्रॅटफर्डला गेलं. दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनचाच भाग आहेत. कॉलेज कुठलंही असो, काम करायची रीत बरीचशी सारखी असते.

ब्रीफ आणि वही

प्रत्येक काम 'ब्रीफ'ने सुरू होतं. काय बनवायचं, किती आठवड्यांत, कुठल्या अटींत, हे त्या एक-दोन पानांत लिहिलेलं असतं. सेंट मार्टिन्सचा पहिल्या वर्षाचा पांढरा प्रकल्प प्रसिद्ध आहे. सगळ्या वर्गाने फक्त पांढऱ्या कापडात एक पोशाख बनवायचा. रंग आणि नक्षी काढून घेतली की कापडाचा आकार, वजन आणि घडी एवढंच हातात उरतं. तिथे मूल खरं शिकू लागतं.

ब्रीफ मिळाल्यावर पहिले काही दिवस संशोधनाचे. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात प्रवेश मोफत आहे, आणि मे २०२५ पासून स्ट्रॅटफर्डजवळ त्याचं कोठारही लोकांसाठी खुलं झालं आहे. आधी नोंदणी करून एका वेळी पाच वस्तू मागवता येतात आणि शांतपणे बसून पाहता येतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या झग्याची शिवण आतल्या बाजूने पाहायला मिळणं, याहून मोठा धडा फॅशनच्या विद्यार्थ्याला दुसरा नाही.

याच शहरात आपल्याकडच्या कापडाची फार मोठी कहाणी साठवलेली आहे. १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतातल्या कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून घेतले. भारतीय माणूस काय नेसतो, काय पांघरतो, हे ब्रिटनमधल्या गिरण्यांना कळावं आणि तसंच कापड विणून त्यांनी भारतात विकावं, हा त्यामागचा हेतू होता. हा इतिहास माहीत असलेला मराठी विद्यार्थी आपल्या वहीत काठपदराच्या साडीचं चित्र डकवतो, तेव्हा ते चित्र नुसतं शोभेचं राहत नाही.

या वहीला, म्हणजे स्केचबुकला, गुण असतात. सुंदर चित्रापेक्षा विचार कुठून कुठे गेला याचा माग तिच्यात दिसावा लागतो. फसलेला प्रयत्न फाडून टाकायचा नसतो. तो वहीत ठेवून शेजारी कारण लिहायचं असतं. आपल्याकडे 'फेअर' वहीची सवय लागलेल्या मुलांना हे सुरुवातीला जड जातं.

फर्मा, मग मांजरपाट

आता खरं काम. वर्कशॉपमध्ये कापडाने मढवलेले धड ओळीने उभे असतात. त्यांना 'स्टँड' म्हणतात. एका पद्धतीत कागदावर मापं घेऊन फर्मा काढतात. आपल्या शिवणक्लासमधलं ड्राफ्टिंग तेच. दुसऱ्या पद्धतीत कापड थेट स्टँडवर टाचण्यांनी लावून आकार शोधतात. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोने छोट्या लाकडी बाहुलीवर असंच काम करायच्या. उरेब कापड अंगावर कसं ओघळतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. आपल्या गळ्याच्या उरेब पट्टीत तोच गुण आहे: तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं आणि गोलाईवर चपखल बसतं.

फर्मा तयार झाला तरी खऱ्या कापडाला कात्री लावायची नाही. आधी तो पोशाख स्वस्त, बिनरंगी सुती कापडात शिवून पाहायचा. या कच्च्या पोशाखाला 'ट्वाल' म्हणतात आणि ते कापड म्हणजे 'कॅलिको'. पहिल्या दिवशी तो तागा हातात घेतला आणि मला हसू फुटलं. हा तर आपला मांजरपाट! कॅलिको हे नाव कालिकत बंदरावरून आलं आहे. भारतातून येणारं सुती कापड लंडनमध्ये इतकं लोकप्रिय झालं होतं की स्थानिक लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांसाठी १७०० आणि १७२१ मध्ये त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्या छिटाचं तिथे 'चिंट्झ' झालं आणि मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून 'डंगरीज' आल्या. परक्या शहरात शिवणाच्या टेबलावर असे शब्द भेटले की जरा धीर येतो.

ट्वालवर काय काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. मी एक कोट शिवत होते. हात वर केला की अख्खा कोट वर चढायचा. मला वाटलं, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, तंग आहे. मी तो एक सेंटिमीटर खाली कापला. कोट आणखी चढू लागला. पुन्हा कापला, पुन्हा तेच. तिसऱ्या ट्वालच्या वेळी वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञ बाई आल्या. त्यांनी काखेत मांजरपाटाचा तुकडा टाचला, मुंढा चांगला दोन सेंटिमीटर वर आणला आणि म्हणाल्या, "आता हात उचल." हात उचलला. कोट जागचा हलला नाही.

यामागचं कारण साधं आहे. मुंढा खोल असला की बाही धडाला खाली, कमरेच्या दिशेने जोडली जाते. हात उचलताना ती धडाची बाजू सोबत ओढते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर बाही खांद्याबरोबर फिरते आणि धड जागेवर राहतं. साडीवरचा ब्लाऊज मुंढ्यात इतका लगत का बसवतात, हे त्या दिवशी मला कळलं. तो पोळ्या लाटणाऱ्या, दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा पोशाख आहे. गावातल्या टेलरकाकांना हे माहीत होतं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

कापड नीट बसलं नाही की त्यावर सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती ताण कुठे आहे तिकडे बोट दाखवते. छातीकडून काखेकडे जाणारी तिरकी सुरकुती म्हणजे तिथे टक्स हवा. पाठीवरची आडवी घडी म्हणजे लांबी जास्त झाली. विद्यार्थी ट्वालवर पेनने खुणा करतो, शिवण उसवतो, सुधारलेली रेघ फर्म्यावर उतरवतो आणि पुन्हा कापतो. एका पोशाखाचे तीन-चार ट्वाल होणं हा नेहमीचा क्रम आहे.

यात तंत्रज्ञांचं स्थान मोठं असतं. औद्योगिक शिलाई मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतं. घरच्या पायमशीनवर वाढलेल्या मुलीचं कापड पहिल्या दिवशी हातातून निसटतं. म्हणून सुरुवातीला दोरा न ओवता, कागदावरच्या रेघांवर सुई चालवायचा सराव देतात. बटणांची काजं, ओव्हरलॉक, चामडं शिवायचं मशीन यांच्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. शेवटच्या आठवड्यात ती मिळत नाही, एवढं प्रत्येकाने पहिल्याच वर्षी लक्षात ठेवावं.

क्रिट

दर एक-दोन आठवड्यांनी 'क्रिट' असते. सगळ्यांनी आपापलं काम भिंतीवर लावायचं आणि एकेकाने त्याबद्दल पाच-दहा मिनिटं बोलायचं. शिक्षक प्रश्न विचारतात, वर्गमित्रही विचारतात. प्रश्न बहुधा एकच असतो: "हे असं का?" 'छान दिसतं म्हणून' हे उत्तर चालत नाही. तिथे शिक्षकांना नावाने हाक मारतात. 'सर', 'मॅडम' तोंडातून जायला मला महिना लागला आणि "मला हे पटत नाही" म्हणायला पूर्ण सत्र. पण कारण देऊन मतभेद मांडला तर शिक्षकांना आनंदच होतो. हे उमगल्यावर क्रिटची भीती गेली.

कापडबाजार, खोली, स्वयंपाक

शनिवार बाजाराचा. शेफर्ड्स बुशजवळच्या गोल्डहॉक रोडवर कापडाची दुकानं ओळीने आहेत आणि विद्यार्थ्यांची मोठी खरेदी तिथेच होते. सोहोमधल्या बर्विक स्ट्रीटवर उंची रेशीम आणि लोकर मिळते. तिथे आधी फक्त हात लावून पाहायला जायचं. भाव विचारताना विद्यार्थी असल्याचं सांगायला संकोच करू नये, पुष्कळ दुकानदार थोडं कमी करतात. कापड घेताना त्याचा छोटा तुकडा आधी मागून न्यावा, धुऊन, इस्त्री करून पाहावा आणि मगच मीटरचा हिशेब करावा.

भाड्याच्या खोलीत बेतायला टेबल मावत नाही. कापड जमिनीवर पसरायचं, गुडघ्यांवर बसून कापायचं. रात्री मशीन चालवलं तर शेजारच्याची झोपमोड होते, म्हणून हेम आणि बटणं अशी हातशिलाईची कामं रात्रीसाठी राखून ठेवायची. वरणभाताचा कुकर लावून धावदोरा घालत बसलेल्या संध्याकाळी मला अजून आठवतात. डाळी, पोहे, गोडा मसाल्याचं सामान वेम्बली, साउथॉल, टूटिंग या भागांत मिळतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. घरची आठवण फार झाली की गणपतीत तिथे जाऊन यावं.

हिशेब आणि नियम

खर्चाबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. परदेशी विद्यार्थ्याची फी लंडनच्या मोठ्या कला महाविद्यालयांत वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास जाते. आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड भरावे लागतात. राहण्याच्या खर्चापोटी नऊ महिन्यांपर्यंतची ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचं दाखवावं लागतं. यात कापड, छपाई आणि वह्या धरलेल्या नसतात. त्यांची तजवीज वेगळी करायची.

पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांपासून पुढच्या वयासाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरलं, म्हणजे पूर्ण आठवड्याचे साधारण २४४ पौंड. लंडनमध्ये यातला बहुतेक भाग खोलीच्या भाड्यात जातो. पार्टटाइम कामावर फी निघेल, ही आशा धरूनच जाऊ नये.

फॅशनच्या विद्यार्थ्यांनी एक नियम खास लक्षात ठेवावा: विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. पैसे घेऊन मैत्रिणीचा ब्लाऊज शिवणं किंवा आपण बनवलेल्या पिशव्या विकणं त्यात बसत नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली प्लेसमेंट त्या २० तासांत मोजत नाहीत. बाहेरची इंटर्नशिप मात्र बिनपगारी असली तरी मोजली जाते.

वर्गाबाहेर शिकायची आणखी एक जागा आहे. १९८४ पासून भरणारा लंडन फॅशन वीक फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा विद्यार्थी पडद्यामागे 'ड्रेसर' म्हणून राबतात. प्रत्येकाकडे एक-दोन मॉडेल आणि कपड्यांची एक दांडी असते. दांडीवर फोटो लावलेला असतो: कुठला पोशाख कितवा, बूट कुठले, कुठलं बटण उघडं ठेवायचं. दोन पोशाखांमध्ये मिनिटभर मिळतो. झिप कुठे असावी आणि हुक किती असावेत, हे मी वर्गात शिकले त्याहून जास्त त्या घाईत शिकले.

शेवटचं वर्ष, आणि निघण्याआधी

शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतःचा संग्रह करतो, बहुधा सहा पोशाखांचा. जूनमध्ये कॉलेजांची प्रदर्शनं होतात आणि १९९१ पासून चालत आलेला ग्रॅज्युएट फॅशन वीकही भरतो. पुढे काम शोधायला सध्या पदवीनंतर दोन वर्षांचा व्हिसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. सगळे जण डिझायनर होत नाहीत. फर्मे काढणारे, कापड तपासणारे, विणकामाचे नमुने बनवणारे, रंगभूमीसाठी पोशाख करणारे, अशा अनेक हातांवर हा व्यवसाय उभा आहे. ज्याला मुंढा नीट काढता येतो, त्याला काम मिळतं.

म्हणून कोणी मला विचारलं, "जायचं आहे, तयारी काय करू?" तर मी सांगते: निघण्याआधी दोन महिने आपल्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे किंवा ब्लाऊज शिवणाऱ्या मावशींकडे जाऊन बस. ते कापड हातात घेतल्या घेतल्या उभा-आडवा धागा कसा ओळखतात ते पाहा. दाब किती सोडतात आणि का सोडतात, विचार. जुना ब्लाऊज उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेव आणि प्रत्येकाची कडा रेखून घे. आणि बाजारातून पाच मीटर मांजरपाट आण. त्यावर हवं तेवढं चुक. आपल्या चुका वाचायला शिकलेलं मूल कुठल्याही शहरातल्या वर्कशॉपमध्ये उभं राहू शकतं.