हस्तमैथुन, अपराधभावना आणि विवाहित पुरुष : एक मेषपालकीय विचार

काही प्रश्न धर्मगुरूकडे सरळ मार्गाने येत नाहीत. ‘अशक्तपणा वाटतो’, ‘प्रार्थनेत मन लागत नाही’, ‘परमप्रसाद घेण्यास मी पात्र नाही’ अशी निरनिराळी रूपे धारण करून ते येतात. विवाहित पुरुषांमधील हस्तमैथुन आणि त्यामागोमाग येणारी अपराधभावना हा अशांपैकीच एक प्रश्न होय. अविवाहित तरुणांशी या विषयावर आपण थोडेफार बोलतो. विवाह झाला की विषय मिटला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो मिटत नाही. छावणीतील जवान महिनोन्‌महिने कुटुंबापासून दूर असतो, कामगार शहरात एकटा राहतो, पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली किंवा आजारी असते. कधी दोघे एकाच घरात राहूनही परस्परांस दुरावलेली असतात. अशा पुरुषाला आपण काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

न्यायालयापर्यंत गेलेले प्रश्न

या विषयावर मराठीत उघडपणे बोलले जाण्याचा इतिहास महूशी एका धाग्याने जोडलेला आहे. इंदूरजवळील महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात रघुनाथ धोंडो कर्वे यांचे वकीलपत्र घेतले होते. कर्वे हे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात व हस्तमैथुनाविषयीच्या शंकाही त्यांत असत. या उत्तरांवर अश्लीलतेचा आरोप आला. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही आणि वाचक खरी अडचण विचारीत असेल तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

कर्वे कट्टर बुद्धिवादी होते. संततिनियमन व विवाह यांविषयीची त्यांची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी जुळणारी नव्हती. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ साली त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील, म्हणजे एका ख्रिस्ती मिशनच्या संस्थेतील, गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली होती. त्यांची सर्व उत्तरे आपण स्वीकारावीत असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु विवाहित, सुशिक्षित माणसे आपली लाज एका अपरिचित संपादकाला पत्राने का कळवीत होती, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. भीती न घालता उत्तर देणारे जवळचे माणूस सहजी भेटत नाही, हे आजही खरे आहे.

अशा पुरुषाच्या मनात वस्तुतः तीन प्रश्न एकत्र गुंतलेले असतात : मला रोग झाला आहे काय? मी पाप केले आहे काय? माझ्या विवाहात काही बिघडले आहे काय? ते वेगळे करून प्रत्येकाला त्याच्या जागी उत्तर देणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.

शरीराचा प्रश्न

वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ‘स्वप्नदोष’ या शब्दानेच एका नैसर्गिक घटनेला दोष ठरवून टाकले आहे. धातू जाते म्हणून थकवा येतो, असे मानून खचणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला डॉ. एन. एन. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. युरोपही या भयापासून मुक्त नव्हता. टिसो या स्विस वैद्याने १७६० साली हस्तमैथुनामुळे भयंकर रोग होतात असे प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे दीर्घकाळ वैद्यकाने ते खरे मानले.

आजचे वैद्यकशास्त्र हे मानीत नाही. हस्तमैथुनाने आंधळेपणा, क्षय, नपुंसकत्व किंवा वंध्यत्व येत नाही. अपाय होतो तो पुष्कळदा भयामुळे. आपण शक्ती गमावली आहे असे मानणारा पुरुष पत्नीजवळ जाताना धास्तावतो, त्या धास्तीने लिंगाला ताठरता येत नाही आणि मग आपली भीती खरी ठरली असे त्याला वाटते. पुढील वेळी भीती दुप्पट होते. ही अडचण टिकून राहिल्यास तिचे मूळ मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मद्य किंवा चालू औषधे यांतही असू शकते. म्हणून अशा माणसाला डॉक्टरांकडे पाठवावे. ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती करणाऱ्यांच्या हाती पडू देऊ नये.

पापाचा प्रश्न

पवित्र शास्त्रात हस्तमैथुनाचा स्पष्ट उल्लेख करणारी आज्ञा नाही. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातील ओनानचे नाव या कृतीला चिकटले खरे. परंतु त्याचा अपराध मृत भावाचा वंश चालविण्याचे कर्तव्य चुकविण्याचा होता. लेवीय १५ मध्ये वीर्यपातानंतर स्नान व संध्याकाळपर्यंतची अशुद्धता सांगितली आहे. तो विधिनियमांचा भाग आहे, शिक्षा नव्हे. झोपेत होणाऱ्या वीर्यपातात संमती नसते, म्हणून तो स्वतः पाप नव्हे, हे संत थॉमस अक्वायनस यांनीही मानले आहे.

याचा अर्थ ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध आहे असा नव्हे. २९ डिसेंबर १९७५ चे रोमचे घोषणापत्र आणि १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ ही कृती गंभीरपणे अयोग्य ठरवितात. कारण लैंगिक शक्ती ही पतिपत्नींच्या परस्पर आत्मदानासाठी आहे. ही शिकवण आपण पातळ करू नये. पण ती अर्धीही सांगू नये. भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, चिंता यांमुळे व्यक्तीची जबाबदारी पुष्कळ कमी होऊ शकते, असेही हा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. प्राणघातक पापासाठी गंभीर विषय, पूर्ण ज्ञान आणि मुक्त संमती ही तिन्ही लागतात. १९७५ चे घोषणापत्र जबाबदारी नाहीच असे गृहीत धरू नका असे बजावते, हेही खरे. तात्पर्य, विषय गंभीर असला तरी समोरच्या माणसाचा दोष किती, हे त्याचे ऐकल्यावाचून ठरविता येत नाही.

विवाहाचा प्रश्न

विवाहित पुरुषाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा; आणि नेमका तोच आपण विचारीत नाही. दूर राहणाऱ्या जवानाचे एकाकीपणातील स्खलन आणि घरातील पत्नीकडे पाठ फिरवून मोबाइलवरील चित्रांत रमणे, ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मत्तय ५:२८ मधील प्रभूचे वचन थेट लागू पडते, कारण तेथे स्त्री ही व्यक्ती न उरता वस्तू होते. अशा पुरुषाशी सवयीपेक्षा त्या दुराव्याविषयी बोलणे अधिक हिताचे. भांडण, थकवा, आजार, न बोललेली निराशा यांपैकी काहीतरी तेथे असते.

‘लग्न झाले आहे, मग पत्नीकडे जा’ असा उपदेश मात्र कोणी करू नये. पत्नी ही पतीच्या सवयीवरील औषध नव्हे. १ करिंथ ७ मध्ये संत पौल पतीप्रमाणेच पत्नीचाही हक्क सांगतो आणि काही काळ दूर राहणेही परस्पर संमतीनेच असावे असे म्हणतो. आपल्या अपराधभावनेतून सुटण्यासाठी पती पत्नीवर बळजोरी करील, तर एका दोषाच्या जागी अधिक मोठा दोष येईल.

काही व्यावहारिक सूचना

१. धर्मसंहितेच्या ९७९ व्या नियमानुसार पापनिवेदनाच्या वेळी प्रश्न विचारताना विवेक व संयम पाळावा. आवश्यकतेपलीकडे तपशील विचारू नये.

२. धर्मशिक्षकाकडे कोणी असे बोलल्यास त्याने ऐकून घ्यावे, गुप्तता राखावी आणि धर्मगुरूंकडे जाण्यास धीर द्यावा. कबुली काढून घेणे हे त्याचे काम नव्हे.

३. रोगांच्या भयकथा सांगून कोणास परावृत्त करू नये. असत्याच्या आधारावर शुद्धता उभी राहत नाही.

४. जो त्याच त्या गोष्टीचे निवेदन वारंवार करतो, त्याला अतिशंकेचा त्रास असण्याचा संभव आहे. १५२२ साली मानरेसा येथे संत इग्नेशियस अशाच शंकांनी जीव नकोसा होईपर्यंत पीडले गेले होते. अशा माणसाने एकच नियमित मार्गदर्शक ठेवावा, त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवावा आणि केवळ स्वतःच्या शंकेवरून परमप्रसादापासून दूर राहू नये.

५. निराशेपोटी कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केल्यास त्याला एकटे सोडू नये व विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

हा माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याने स्वतःला बहुधा आधीच शिक्षा केलेली असते. त्या शिक्षेत भर घालणे सोपे आहे. खरे कोणते व खोटे कोणते हे त्याला शांतपणे उलगडून सांगावे, क्षमा मागण्याजोगे जे असेल त्याची क्षमा त्याला मिळवून द्यावी आणि पत्नीशी मोकळेपणाने बोलण्याचा धीर द्यावा. एवढे झाले तरी त्याच्या घरावरचे मोठे ओझे हलके होईल.